सनमायकाची कड आणि ट्रिमरचा बिट: आधी बेअरिंग कुठे चालणार ते बघा

दसरा जवळ आला की कोल्हापुरात नव्या अपार्टमेंटांतून ट्रिमरची, म्हणजे सनमायकाची कड कापणाऱ्या हातमशीनची, किंचाळी ऐकू यायला लागते. दिवाळीच्या आत कपाटं, किचन ट्रॉल्या, टीव्ही युनिट सगळं उरकायचं असतं. काम पूर्ण होतं, रंग छान दिसतो, बिजागऱ्या मऊ चालतात, आणि मग कोणीतरी दाराच्या कडेवरून बोट फिरवतं. कुठे बोटाला खुपतं, कुठे तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला असतो, कुठे काळपट जळका पट्टा. मिस्त्री म्हणतो शीट हलकी होती, दुकानदार म्हणतो प्लाय ओला होता, आणि घरमालक दोघांच्या तोंडाकडे बघत राहतो.

शीट आणि प्लाय खराब असू शकतात, नाही असं नाही. पण कडेची अशी तक्रार आली की आधी बघायचा तो ट्रिमरमध्ये अडकवलेला, बोटभर लांबीचा, फिरत्या धारांचा बिट.

लॅमिनेट लाकडासारखं का वागत नाही

सनमायका हे मुळात एका ब्रँडचं नाव. वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणावं तसं ते सगळ्याच लॅमिनेटला चिकटलं. आत असतात कागद. वरचा रंगाचा किंवा नक्षीचा कागद मेलामाइन नावाच्या रेझिनमध्ये भिजवलेला, आणि त्याखालचे तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये. रेझिन म्हणजे उष्णतेने एकदा घट्ट झाला की परत न वितळणारा चिकट द्राव. हे थर १२० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात आणि दर चौरस सेंटीमीटरला ५० किलोच्या वरच्या दाबाखाली एकजीव होतात. घरच्या फर्निचरला साधारण ०.८ किंवा १ मिमी जाडीची, ८ बाय ४ फुटांची शीट येते. आपल्याकडचं मानक आयएस २०४६.

लाकूड उसासारखं असतं, तंतूंचं. कोयता तिरका लावला की सालपट निघतं. लॅमिनेट चिक्कीसारखं. त्यात लांब तंतू नाहीत, ते वाकण्याआधी तुटतं. म्हणून बोथट धारेने ते कापलं न जाता दाबलं जातं, आणि दाबलं की टवका उडतो. दुसरं, घट्ट झालेलं मेलामाइन इतकं कडक असतं की साध्या स्टीलची धार लवकर मारून टाकतं. तिसरं, ते वितळत नाही, त्यामुळे घर्षणाने तापलं की सरळ करपतं. कडेवरचा काळपट पट्टा म्हणजे करपलेलं रेझिन आणि करपलेला कागद.

यातूनच बिट कशाचा हवा ते ठरतं. धार टंगस्टन कार्बाइडची हवी. हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, कोणाला सांगायला नको, तिथल्या लेथवर कास्टिंग सोलणारी टिप याच कार्बाइडची असते. हायस्पीड स्टीलचा बिट लाकडावर चालतो, स्वस्तही पडतो, पण लॅमिनेटवर काही फुटांतच घासायला लागतो.

धार किती वेगाने फिरते

ट्रिमर म्हणजे एका हातात मावणारा छोटा राउटर. बहुतेक ट्रिमर बिनभाराचे मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. बिटाचा व्यास १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच, मिस्त्रींच्या भाषेत चार सूत असेल, तर धारेचं टोक सेकंदाला जवळपास २० मीटर पळतं. ताशी ७२ किलोमीटर. व्यास ६.३५ मिमी, म्हणजे दोन सूत असेल, तर वेग याच्या निम्मा.

आता दोन धारांचा बिट घ्या. मिनिटाला ३०,००० फेरे म्हणजे ६०,००० घाव. तुम्ही ट्रिमर मिनिटाला ३ मीटर सरकवला, तर प्रत्येक घावाला ०.०५ मिमीचा तुकडा निघतो. हा नीट घास आहे. 'हळू केलं की काम स्वच्छ' असं समजून मिनिटाला १ मीटरने गेलात, तर घास ०.०१७ मिमीचा. इतक्या बारीक घासात धार शिरतच नाही, वरून घासत जाते. बोथट विळीवर टोमॅटो धरल्यावर होतं ते. कड करपते ती इथे. म्हणजे ८ फुटांची कड ५० सेकंदांच्या आसपास संपली पाहिजे. दोन-अडीच मिनिटं लागत असतील तर बिट बदलण्याआधी हात बदला.

तीन धारांचा बिट चांगला का, असं विचारलं जातं. त्याच वेगाने सरकवलं तर प्रत्येक धारेच्या वाट्याला घास आणखी लहान येतो. हात जलद असेल तर कड गुळगुळीत निघते, हात हळू असेल तर जास्त करपते. नवशिक्याने दोन धारांवरच राहावं.

बेअरिंग: बिटाची वाट ठरवणारा

कड कापायच्या बिटाच्या टोकाला एक छोटं बेअरिंग असतं. त्याचा बाहेरचा व्यास धारेच्या व्यासाएवढाच. बेअरिंग प्लायच्या कडेला टेकून चालतं, त्याच्या वरची धार बाहेर आलेलं लॅमिनेट कापते, आणि दोन्ही एका रेषेत येतात. बैलगाडीचं चाक चाकोरीत चालावं तसं. चाकोरी सरळ तर गाडी सरळ, चाकोरीत खड्डा तर गाडीला गचका.

म्हणून दुकानात जाऊन 'ट्रिमरचा बिट द्या' म्हणण्याआधी स्वतःला विचारायचं, बेअरिंग कुठे चालणार आहे? निवडीतला अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

ते उघड्या प्लायवर चालणार असेल तर प्लायची कड चाकोरी झाली. प्लायच्या मधल्या थरात पोकळी असेल आणि बेअरिंग नेमकं त्या उंचीवर असेल, तर ते आत बुडतं आणि वरचं लॅमिनेट खाल्लं जातं. कडेला वाळलेल्या फेविकॉलचा थेंब असेल तर उलटं होतं. बेअरिंग त्यावर चढतं आणि तेवढ्या भागात लॅमिनेट बाहेर राहतं. 'बिट वाकडा कापतोय' अशी तक्रार असली की आधी कडेवर पटाशी फिरवून थेंब काढा आणि पोकळी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरा.

ते आधी लावलेल्या लॅमिनेटवर चालणार असेल तर धोका वेगळा. इथे एक हिशोब बघण्यासारखा आहे. कडेला टेकल्यावर बेअरिंगचं बाहेरचं कडं मिनिटाला जेमतेम ७५ फेरे घेतं, कारण ट्रिमर मिनिटाला ३ मीटरच सरकतोय. आतला दांडा मात्र ३०,००० फेऱ्यांनी फिरतोय. एवढा फरक मधल्या इवल्याशा गोळ्या सांभाळतात. त्यात डिंक शिरला, ग्रीस सुकलं किंवा गोळी झिजली की कडं दांड्याबरोबरच फिरू लागतं आणि ताशी ७२ किलोमीटरने तुमच्या तयार कडेवर घासतं. लॅमिनेटवर एकसारखी चकचकीत किंवा करपलेली रेघ दिसली, तर दोष धारेचा नसून बेअरिंगचा समजा.

बेअरिंग चांगलं असलं तरी ट्रिमर हवेत असताना ते दांड्याबरोबर फिरतच असतं. कडेला पहिल्यांदा टेकतं त्या क्षणी ओरखडा उठू शकतो. उपाय साधा आहे. तयार कडेवर मास्किंग टेप लावायची आणि बिट हलकेच टेकवायचा. टेपचा दुसरा फायदाही आहे. तिच्या जाडीएवढी धार कडेपासून लांब राहते, त्यामुळे खालच्या लॅमिनेटला खरवडत नाही. उरलेला केसभर भाग कानशीने काढायचा. काही बेअरिंगांवर प्लास्टिकचं कडं चढवलेलं मिळतं, तयार पृष्ठभागावर तेही उत्तम चालतं.

दोन कडा, दोन बिट

आधी कडेच्या पट्ट्या, नंतर समोरची शीट, हा क्रम. समोरची शीट कडेच्या पट्टीला झाकते, म्हणून समोरून सांधा दिसत नाही आणि पुसताना पाणी सरळ सांध्यात जात नाही.

कडेची पट्टी लावल्यावर ती वरच्या प्लायच्या पातळीत आणायची असते. इथे सरळ धारेचा, खाली बेअरिंग असलेला बिट हवा. त्याला फ्लश ट्रिम म्हणतात. इथे उतार नको. पट्टी जराही तिरकी कापली गेली तर समोरच्या शीटखाली कायमची फट राहते.

समोरची शीट लावल्यावर मात्र बेअरिंग तयार पट्टीवर चालणार आणि कापलेली कड रोज हाताला लागणार. काटकोनात कापलेलं लॅमिनेट ब्लेडसारखं असतं, हात कापतं, आणि झाडूचा दांडा लागला तरी टवका उडतो. म्हणून इथे उताराचा बिट, बेव्हल ट्रिम. बाजारात ७, १५, २२ किंवा २५ आणि ४५ अंशांचे मिळतात.

अंश वाढले की काय होतं? १ मिमी जाडीच्या शीटवर ७ अंशांचा उतार समोरून सुमारे ०.१२ मिमी दिसतो, १५ अंशांचा ०.२७, २२ अंशांचा ०.४०, आणि ४५ अंशांचा पूर्ण १ मिमी. उताराच्या तोंडाशी दिसतो तो आतला तपकिरी कागद. शीट सागवानी रंगाची असेल तर ती रेघ लपते. पांढरी किंवा फिकट राखाडी असेल, आणि सध्या घरोघरी तीच चालते, तर ४५ अंशांचा बिट म्हणजे दाराभोवती तपकिरी चौकट काढून दिल्यासारखं. फिकट शीटला १५ अंश, गडद शीटला २२, आणि लहान मुलं असलेल्या घरात टेबलाच्या पृष्ठभागाला २२ घेऊन वर कानशीचा हात, ही निवड सहसा चुकत नाही. ४५ अंशांचा बिट लाकडी पट्टीची धार मारायला ठेवा.

उताराच्या बिटाची एक खोच आहे. त्याची धार शंकूसारखी, म्हणून ट्रिमरमधून तो किती बाहेर आहे यावर कापण्याची खोली बदलते. १५ अंशांच्या बिटात उंची १ मिमीने बदलली की कड ०.२७ मिमी आत किंवा बाहेर सरकते. एक मिमी इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं असं म्हणू नका, शीटची सगळी जाडीच १ मिमी आहे. आधी त्याच शीटचा तुकडा त्याच प्लायच्या तुकड्यावर चिकटवून त्यावर उंची जमवायची. जमली की तो तुकडा जपून ठेवा, पुढच्या वेळी त्याला लावूनच बिट बसवता येतो.

लांब धार जास्त कामाची, हा गैरसमज

दुकानात एकाच आकाराचा बिट १२ मिमी आणि २५ मिमी धारेचा असे दोन्ही दिसतात. किमतीत फार फरक नाही म्हणून हात लांबाकडे जातो. लॅमिनेटसाठी आखूडच घ्या.

एक कारण, कापायचं आहे १ मिमी. उरलेली धार कामाची तर नाहीच, उलट खालच्या कडेला घासू शकते. दुसरं, प्लाय १८ मिमीचा असेल आणि शीट २५ मिमी धारेच्या वरच्या टोकाशी आली, तर बेअरिंग प्लायच्या खाली हवेत लोंबकळेल आणि बिट सरळ प्लायमध्ये घुसेल. तिसरं कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. ट्रिमरचा अर्धा तळ नेहमी कडेबाहेर असतो, म्हणून हात थोडा कलतोच. एका अंशाचा कल धरा. बेअरिंग शीटच्या ५ मिमी खाली असेल तर कापणीत ०.०९ मिमीचा फरक पडतो. १५ मिमी खाली असेल तर ०.२६ मिमीचा, म्हणजे शीटच्या जाडीचा पाव भाग. तो बोटाला लगेच जाणवतो. बेअरिंग शीटच्या जितकं जवळ, तितकी चूक कमी.

आखूड धारेतही थोडी जागा फिरवायला मिळते. शीट नेहमी धारेच्या एकाच मिलिमीटरवर कापली गेली तर तेवढ्याच जागी खाच पडते आणि बाकीची धार कोरी राहते. दोन-चार दारं झाली की बिट २ मिमी खाली-वर करायचा, बेअरिंग कडेवर राहतंय ना एवढं पाहून. एका बिटाचं आयुष्य यात दुप्पट-तिप्पट होतं. हे फक्त सरळ धारेच्या बिटाला लागू, उताराच्या नाही.

बिनबेअरिंगचा सलग कार्बाइडचा

दोन सुती जाडीचा, पूर्ण कार्बाइडचा, टोकाला बेअरिंगऐवजी गुळगुळीत दांडी असलेला बिटही मिळतो. ती दांडी ३०,००० फेऱ्यांनीच कडेवर फिरते, म्हणून तयार लॅमिनेटवर चालवायचा तर कडेला मेण किंवा व्हॅसलिन लावावं लागतं, आणि तरीही थांबलात की डाग. मग तो घ्यायचा कशाला? अरुंद जागेसाठी. सिंकच्या किंवा स्विचबोर्डच्या खिडकीत चार सुती बिट आतला कोपरा ६.३५ मिमी त्रिज्येचा सोडतो, दोन सुती बिट ३.२ मिमीचा. कोपरा याहून टोकदार करायच्या भरीस पडू नका. लॅमिनेटच्या आतल्या टोकदार कोपऱ्यातून पुढेमागे तडा निघतो.

पीळदार धारेचे बिटही येतात. ट्रिमर वरून चालतो आणि रंगाची बाजू वर असते, त्यामुळे धार खाली दाबणाऱ्या पिळाची हवी. वर ओढणारा पीळ शीट उचलतो आणि रंगाच्या बाजूलाच टवके काढतो. घरच्या कामाला मात्र सरळ धार पुरते.

शँक ६ मिमी की दोन सूत

बिटाचा जो दांडा ट्रिमरमध्ये जातो तो शँक, आणि त्याला आवळून धरणारी फाटलेली नळी म्हणजे कोलेट. आपल्याकडे ६ मिमी आणि ६.३५ मिमी, दोन्ही मापांचे ट्रिमर आणि दोन्ही मापांचे बिट एकाच काउंटरवर ठेवलेले असतात. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून घरी आल्यावर कळतं की बिट आतच जात नाही. तो बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे ६ मिमीचा बिट ६.३५ च्या कोलेटमध्ये जातो आणि नट आवळल्यावर घट्ट झाल्यासारखा वाटतो. कोलेटला पाव-अर्धा मिलिमीटर आवळण्याइतकी लवचीकता नसते. काम करताना बिट हळूहळू खाली सरकतो, उंची बिघडते, एखादा निसटतोही. कागद गुंडाळून भरणे हा उपाय नाही. ट्रिमर सोबत घेऊन दुकानात जा किंवा कोलेटवर कोरलेलं माप वाचून जा.

बसवताना शँक तळाला टेकेपर्यंत आत घालायचा आणि २-३ मिमी मागे ओढून आवळायचा. तळाला टेकलेला बिट आवळताना नीट पकडला जात नाही. कोलेटमध्ये भुसा असेल तर आधी ब्रशने काढा. हे सगळं प्लग काढून.

किती शीट बाहेर सोडायची

कटरने शीट कापताना चारही बाजूंना ४-५ मिमी जास्त ठेवावी. त्याहून कमी ठेवली तर चिकटवताना शीट जरा फिरली की एका टोकाला प्लाय उघडा पडतो. खूप जास्त ठेवण्यात वेगळा त्रास आहे. बिटाचा व्यास १२.७ मिमी आहे, शीट त्याहून जास्त बाहेर असेल तर सगळा भाग भुसा होत नाही, बाहेरच्या अंगाला सुटी पट्टी उरते. ती फडफडते, तुटते आणि तुटताना आतपर्यंत टवका घेऊन जाते.

डिंक पुरता धरायच्या आत ट्रिमर लावू नका. न धरलेली शीट धारेखाली थरथरते, आणि थरथरणारी चिक्की कशी तुटेल ते सांगायला नको. पांढरा डिंक पाण्याचा असतो. आषाढ-श्रावणात कोल्हापूरच्या हवेत त्याला वाळायला उन्हाळ्याहून जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यात रात्रभर दाबून ठेवलेलं दार सकाळी चालत असेल, तर पावसाळ्यात त्याला आणखी एक दिवस द्या.

कोणत्या बाजूने सरकवायचं

कडेसमोर, ट्रिमर वरून धरून उभे राहा. डावीकडून उजवीकडे जायचं. म्हणजे दाराच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने. सिंकच्या खिडकीत आतून फिरताना घड्याळाच्या दिशेने. असं केलं की धार तुमच्या ढकलण्याला विरोध करते आणि ट्रिमर ताब्यात राहतो.

उलट गेलं तर? मोटरसायकल मेन स्टँडवर आहे, गिअरमध्ये आहे, मागचं चाक हवेत फिरतंय, आणि कोणी ती स्टँडवरून खाली ढकलली. चाक जमिनीला टेकताच गाडी पळते. उलट दिशेने धारेला तशीच पकड मिळते आणि ट्रिमर हातातून पुढे उडतो. काही जुने कारागीर टवका उडेल अशा कोपऱ्यावर मुद्दाम इंचभर उलट हात मारतात. धार ताजी आणि शीट जेमतेम मिलिमीटरभर बाहेर असेल तर ते जमतं, पण शिकायच्या काळात नको.

डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. ट्रिमरखालून उडतो तो कडक रेझिनचा चुरा असतो. हातमोजे घालू नका, फिरत्या बिटाजवळ सैल कापड नकोच.

'पण आमचे मिस्त्री कानशीनेच घासायचे'

घासायचे, आणि छान घासायचे. कानस आजही लागतेच. बिट कड आणतो, कानस तिची शेवटची धार मारते. फक्त कानस आत, प्लायकडे ढकलायची आणि परत येताना उचलायची. ओढताना घासली तर शीटची कड डिंकापासून वर उचलली जाते. पण अख्खी ५ मिमी शीट कानशीने उतरवायची तर वेळ जातो आणि हाताखाली कड लाटेसारखी होते.

'पंधरा बिटांची पेटी स्वस्तात मिळते की'

मिळते. त्यात गोलाई, नक्षी, खाचा यांचे बिट भरपूर, आणि लॅमिनेटच्या कामाचा बहुधा एकच असतो. बाकीचे पेटीत शोभतात. तेवढ्याच पैशांत एक चांगला फ्लश, एक १५ किंवा २२ अंशांचा बेव्हल आणि दोन सुटी बेअरिंगं घ्या. निवड इथेच संपते, बाकी हौस.

'एज बँड लावला तर हे सगळं कशाला'

पीव्हीसीच्या एज बँडने, म्हणजे कडेला चिकटवायच्या प्लास्टिकच्या पट्टीने, तपकिरी रेघ जाते, हे खरं. पण कड कापावी लागतेच, आणि गणित उलटतं. १८ मिमी प्लायला दोन्ही बाजूंना शीट लागली की जाडी २० मिमीच्या आसपास जाते, त्यावर २२ मिमी रुंदीची पट्टी लागते आणि दोन्हीकडे मिलिमीटरभर बाहेर येते. आता बेअरिंग चालणार समोरच्या तयार शीटवर, आणि ट्रिमरचा तळ टेकणार २० मिमी रुंदीच्या कडेवर. तो डोलणारच. दाराला दुसरा एक प्लायचा तुकडा क्लॅम्पने जोडून तळाला रुंद जागा करून द्या. २ मिमी जाडीच्या पट्टीला २ मिमी त्रिज्येच्या गोलाईचा बिट, ०.८ मिमीच्या पट्टीला सरळ किंवा कमी उताराचा. पीव्हीसी लॅमिनेटसारखं करपत नाही, ते वितळून धारेला चिकटतं. म्हणून धार ताजी आणि हात जलद. चिकटलेला गोळा दिसला की थांबून काढा, नाहीतर पुढची सगळी कड ओबडधोबड होईल.

धार लावणं, साफ करणं, विकत घेताना बघणं

बिट बोथट झाला की आधी आवाज बदलतो, मग करपल्याचा वास येतो, मग भुसा पिठासारखा बारीक पडतो. या तिन्हींच्या आधी बहुतेकदा एकच गोष्ट झालेली असते, धारेवर डिंक बसलेला असतो. बेअरिंग काढून बिट थिनरने पुसा, आणि मगच तो बोथट आहे का ते ठरवा. बेअरिंग मात्र थिनरमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवू नका, आतलं ग्रीस धुऊन निघतं. ते वरून कोरड्या फडक्याने पुसा, बोटाने फिरवा. खरखरलं तर बदला.

कार्बाइडला साध्या दगडाने धार लागत नाही, हिऱ्याचा लेप असलेली पट्टी लागते. घासायची फक्त धारेची सपाट आतली बाजू, बाहेरची नाही, आणि दोन्ही धारांवर मोजून सारखेच हात. तरीही व्यास थोडा कमी होतोच. बेअरिंग पूर्वीच्याच मापाचं असल्याने व्यास ०.१ मिमीने घटला की शीट ०.०५ मिमी बाहेर राहते. दोन-तीनदा घासल्यावर बिट फ्लश कापत नाही तो यामुळे. असा बिट टाकू नका. कच्च्या कापणीला वापरा, शेवटच्या हातासाठी नवा.

नवा घेताना उजेडात धरा. कार्बाइडची पट्टी आणि स्टील यांच्या मधल्या सांध्यात काळी फट किंवा छिद्रं दिसली तर परत ठेवा. धारेवर नख हलकेच फिरवून खाच लागते का पाहा. बेअरिंग बोटाने फिरवा, ते गुळगुळीत फिरावं पण डुगडुगू नये. वरचा बारीक स्क्रू कोणत्या मापाच्या ॲलन चावीने उघडतो ते विचारा आणि ती चावी तिथेच मागून घ्या, सुटी बेअरिंगंही त्याच वेळी. आणि बिट पिशवीत पक्कड-हातोड्यासोबत टाकू नका. कार्बाइड कडक तितकाच ठिसूळ, फरशीवर एकदा पडला तरी धारेचा कोपरा जातो, आणि तो गेलेला कोपरा पुढच्या प्रत्येक दारावर एक बारीक रेघ सोडत जातो.